पित्त, पथ्य आणि रात्रीचं जेवण

माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. वर लिहिलं होतं ‘वर्ज्य’. सुरुवातीला त्यावर चारच नावं होती: मिरची, लोणचं, तूरडाळ, शेंगदाणे. मग टोमॅटो आला, वांगं आलं, लिंबू आलं, डाळीच्या पिठाचं सगळं आलं. सहा-सात वर्षांत कागद भरला आणि मावशी दूधभात, मुगाची मऊ खिचडी आणि उकडलेला दुधी एवढ्यावर येऊन ठेपली. वजन अकरा किलोंनी उतरलं. पोटातली आग मात्र होती तिथेच. शेवटी दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा कळलं, की जठराच्या अस्तराला सूज आहे, बारीकसा व्रणही आहे, आणि त्यामागे दोन कारणं आहेत: एक जिवाणू, आणि गुडघ्यांसाठी ती रोज घेत असलेली वेदनाशामक गोळी. त्या कागदावर या दोघांचं नाव कुठेच नव्हतं.

पथ्य हा आपल्याकडे श्रद्धेचा विषय आहे. कुणाला जळजळ होते म्हटलं की आजूबाजूचे चारजण चार पदार्थ बंद करायला सांगतात, आणि सांगणाऱ्यांचं प्रेम खरं असतं. म्हणूनच आम्लता आणि जठराची सूज यांत आहाराचा हात नेमका कुठवर पोचतो, हे एकदा नीट पाहायला हवं.

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. घशाशी आंबट आलं तरी पित्त, कपाळ ठणकून उलटी झाली तरी पित्त, जागरणाने मळमळलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. वैद्यकाच्या भाषेत पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा, हिरवट-पिवळा कडू रस. तो लहान आतड्यात उतरतो आणि चरबी पचवायला मदत करतो. घशाशी येतं ते बहुतेक वेळा हे पित्त नसतंच. ते असतं जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. कपाळ ठणकून उलटी होते ती अनेकदा अर्धशिशी असते, आणि गांधींचा तर पोटातल्या आम्लाशी संबंधच नाही. चार वेगळी दुखणी, शब्द एक, आणि म्हणून पथ्यही एकच.

जुन्या वैद्यांनी एवढी सरमिसळ केली नव्हती. काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात अम्लपित्ताचा स्वतंत्र विचार आहे, आणि माधवकराने त्याचे ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन प्रकारही केले आहेत: वर उसळणारं आणि खाली जाणारं. आजच्या निदानाशी ते तंतोतंत जुळवू नये, पण दिशा पाहून भाग करावेत ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. कारण आजही पहिला प्रश्न तोच आहे. दुखणं दाराचं आहे की भिंतीचं?

आधी दार. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं आणि त्याला बाहेरून श्वासपटलाचा आधार असतो. घास उतरताना ते उघडतं, एरवी मिटलेलं राहतं. जठराचा वरचा भाग ताणला गेला की आतली हवा सोडण्यासाठी ते मध्येच सैल पडतं. ढेकर येतो तो असाच. ताण जितका जास्त, तितक्या वेळा ते सैल होतं, आणि हवेबरोबर आम्लही वर चढतं. जठराच्या आतल्या बाजूला स्वतःच्या आम्लापासून वाचवणारा चिकट थर असतो. अन्ननलिकेला तसं चिलखत नाही, म्हणून छातीच्या मधोमध आग होते. जेवल्यावर तर अन्नात आम्ल मुरायला हवं, मग जेवल्यावरच जास्त का जळतं? ग्लासगोच्या संशोधकांनी २००१ साली याचं उत्तर दिलं. जेवणानंतर अन्नाच्या वर, अगदी दाराशीच, न मिसळलेल्या आम्लाचा एक थर साचतो. पोट तट्ट भरलेलं, दाराशी आम्ल, आणि अशा वेळी माणूस आडवा झाला किंवा खाली वाकून लादी पुसायला लागला, तर काय होणार ते सांगायला नको. पोटाचा घेर, गरोदरपण, घट्ट पट्टा, कचकचून बांधलेली परकराची नाडी या सगळ्यांनी खालून दाब वाढतो.

इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या कृतिगटाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३,२२४ जणांपैकी ७.६ टक्के लोकांना हा त्रास आढळला. तेरा-चौदा माणसांत एक, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पंगतीत एक.

भिंतीचं दुखणं निराळं. जठराच्या अस्तराला सूज येते तेव्हा बेंबीच्या वर जळतं, दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं, अन्नाची वासना उडते. कारणांमध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या हे दोन मुख्य, दारू तिसरी. एक गोष्ट मात्र रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. पोटात आग होणाऱ्या पुष्कळांची दुर्बीण तपासणी अगदी स्वच्छ येते, आणि अस्तराला सूज असलेल्या पुष्कळांना काहीच जाणवत नाही. म्हणून ‘रिपोर्टमध्ये सूज आली’ एवढ्यावर घाबरून ताट रिकामं करण्यात अर्थ नसतो.

भिंतीच्या दुखण्यावर आहाराचे प्रयोग शंभराहून अधिक वर्षं चालू आहेत आणि त्यांचा इतिहास पथ्य सांगणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये व्रणाच्या रुग्णांसाठी दर तासाला दूध आणि साय, सोबत अल्कधर्मी पुडी, असा क्रम लावून दिला. दूध आम्लाला शांत करतं, ही कल्पना सरळ पटणारी होती. जगभरच्या रुग्णालयांत पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं. आपल्याकडे तर दुधाला आधीच मान होता. थंड दुधाचा पेला हा पित्तावरचा घरचा पहिला उपाय ठरला. मग १९८६ साली दिल्लीच्या पोटविकारतज्ज्ञांनी ६५ रुग्ण घेतले, सर्वांना व्रणावरचं तेच औषध दिलं, पण एका गटाला फक्त दुधावर ठेवलं आणि दुसऱ्याला नेहमीचं जेवण दिलं. चार आठवड्यांनी नेहमीचं जेवणाऱ्यांपैकी ७८ टक्क्यांचे व्रण भरले होते, दुधावरच्यांपैकी ५३ टक्क्यांचे. दूध घशाखाली जाताना गार वाटतं, थोडा वेळ आम्ल शोषतंही. पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल पाझरायला लावतात. रात्री झोपताना दूध पिऊन पहाटे तीनला जळजळीने जागं होणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांतली बहुतेक त्या जळजळीवर पुन्हा दूधच पितात.

त्याआधी दोन वर्षं, १९८४ मध्ये, दिल्लीतच मिरचीची परीक्षा झाली होती. व्रणाचे ५० रुग्ण; सर्वांना आम्लनाशक औषध; निम्म्यांना जेवणात रोज वरून ३ ग्रॅम लाल तिखट. दोन्ही गटांत व्रण सारख्याच प्रमाणात भरले. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलेले हे दोन्ही अभ्यास लहान आहेत, पण आपल्या घरातल्या दोन पक्क्या समजुतींना ते थेट भिडतात. याचा अर्थ मिरचीने जळत नाही असा नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं, म्हणून ज्याची अन्ननलिका आधीच सोललेली आहे त्याला झणझणीत रश्श्याने ब्रह्मांड आठवतं. पण आग होणं आणि जखम होणं या दोन गोष्टी आहेत. मिरचीने जखम होते याला आधार नाही. ज्याला सोसते त्याच्या ताटातला ठेचा काढून घेणं ही विनाकारण शिक्षा आहे.

त्याच्या काही वर्षं आधी मुंबईत आणखी एक माणूस वेगळ्या बाजूने विचार करत होता. पश्चिम रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांना रेल्वे कर्मचाऱ्यांच्या आजारपणात एक भौगोलिक आकृती दिसली: भात खाणाऱ्या प्रदेशांत व्रण जास्त, जाडसर गव्हाची पोळी खाणाऱ्या पंजाबकडे कमी. १९७८ मध्ये त्यांनी व्रण भरून आलेल्या मुंबईकर रुग्णांवर दोन आहारांची तुलना प्रसिद्ध केली. भाताच्या गटात पाच वर्षांत बहुतेकांचा व्रण पुन्हा उघडला, कोंडा न काढलेल्या गव्हाच्या गटात थोड्यांचाच. त्यांचं स्पष्टीकरण चावण्याचं होतं. पोळी चावावी लागते, चावताना लाळ सुटते, आणि लाळ अल्कधर्मी असते. गंमत म्हणजे काश्यपसंहितेतही अम्लपित्त हे अनूप, म्हणजे पाणथळ, प्रदेशात अधिक असल्याचं सांगितलं आहे. मल्होत्रांची उपपत्ती पुढे मागे पडली, पण चावून खाण्याचा मुद्दा मला टिकाऊ वाटतो. ज्वारीची भाकरी घाईत गिळता येत नाही. वरणभात गिळता येतो.

उपपत्ती मागे पडली, कारण ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना जठराच्या अस्तरात वळणदार जिवाणू सापडले. लोक विश्वास ठेवीनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचं द्रावण स्वतः प्यायलं आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९४ मध्येच या जिवाणूला कर्करोगकारक ठरवलं होतं. आपल्या देशात हा संसर्ग फार मोठ्या लोकसंख्येत आहे आणि तो बहुधा लहानपणीच होतो. तो लसणाने, मधाने, ताकाने किंवा दुधीच्या रसाने जात नाही. प्रतिजैविकांचा ठरलेला क्रम पुरा करावा लागतो. आहार इथे फक्त बाजूने मदत करतो. खारवलेल्या आणि धुरावलेल्या पदार्थांचा मारा या जिवाणूच्या सोबतीने जठराच्या कर्करोगाची शक्यता वाढवतो. मिझोराममध्ये, जिथे आंबवलेल्या डुकराच्या चरबीचा ‘साउम’ आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं ‘तुइबुर’ हे पाणी रोजच्या वापरात आहे, तिथे हा कर्करोग देशात सर्वाधिक आढळतो.

आता पुन्हा दाराकडे, कारण आहाराचं खरं राज्य इथे आहे. २००६ साली अमेरिकन संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी केली. वजन कमी करणं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणं या दोन उपायांना आधार सापडला. विशिष्ट पदार्थ सरसकट सोडण्याने रोग सुधारतो याला मात्र नाही. त्याच वर्षी १०,५४५ स्त्रियांच्या पाहणीत दिसलं, की स्थूल नसलेल्या बाईचाही वजनाचा निर्देशांक साडेतीन अंकांहून जास्त वाढला तर वारंवार जळजळ होण्याची शक्यता जवळजवळ तिपटीला जाते. २०२१ मध्ये आलेल्या सुमारे ४३ हजार स्त्रियांच्या पाहणीत आटोपशीर वजन, तंबाखू नाही, रोज अर्धा तास व्यायाम, दिवसाला चहा-कॉफी-सोडा मिळून दोन कपांपर्यंत आणि धान्य-भाज्या-फळांचा आहार, या पाचही गोष्टी पाळल्या तर या त्रासाची सुमारे ३७ टक्के प्रकरणं टळू शकतील, असं निघालं.

आणि वेळ. मला विचाराल तर आपल्या मराठी शहरी घरांचा मूळ आजार हा आहे. सकाळी साडेसातची लोकल, दुपारी डब्यातल्या दोन पोळ्या, संध्याकाळी सहाला वडापाव किंवा फरसाण आणि तिसरा चहा, घरी पोचेपर्यंत साडेनऊ, आणि मग दिवसभरातलं पहिलं पोटभर जेवण. साडेदहाला अंथरूण. जपानमध्ये २००५ साली झालेल्या अभ्यासात रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांच्या आत झोपणाऱ्यांत हा विकार असण्याची शक्यता चार तासांहून जास्त थांबणाऱ्यांच्या सातपट निघाली. आपल्या शेजारी सूर्यास्तापूर्वी जेवणारी जैन घरं आहेत; त्यांचं कारण धार्मिक असलं तरी अन्ननलिकेचा त्यात फायदाच आहे. लोकलच्या वेळा आपल्या हातात नाहीत हे मान्य. पण सहाच्या वडापावच्या जागी घरून नेलेली पोळीभाजी खाल्ली, आणि रात्री घरी पोचल्यावर एक वाटी मऊ भात-मेतकूट किंवा भाजी घातलेली मुगाची खिचडी एवढंच घेतलं, तर मोठं जेवण आपोआप अलीकडे सरकतं. माझ्या परिचयातल्या दोन कुटुंबांनी हे केलं. एका घरातली रोजची गोळी त्यानंतर आठवड्यातून एखाद्या दिवसावर आली.

झोपण्याची बाजूही बघावी. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर झोपलं की आम्ल त्या खोलगट भागात राहतं आणि दार वर येतं. उजव्या कुशीवर दार आम्लात बुडतं. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२२ मध्ये रात्रभर मोजमाप करून दाखवलं, की डाव्या कुशीवर अन्ननलिका लवकर स्वच्छ होते. आपण दुपारच्या झोपेला वामकुक्षी म्हणतो. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. शब्दातच सूचना आहे आणि आपण ती विसरून उताणे घोरतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा ते आठ इंचांचे लाकडी ठोकळे किंवा विटा घालाव्यात. दोन-तीन उशा घेऊन भागत नाही, त्यांनी फक्त मान वाकते आणि पोट दुमडतं.

मग पदार्थांचं काहीच नाही का? आहे, पण माणसागणिक वेगळं. कच्च्या कांद्याने जळजळ असणाऱ्यांची जळजळ वाढते हे १९९० मध्ये मोजून पाहिलेलं आहे, त्यामुळे मिसळीबरोबरचा कांदा ओळखीच्या संशयितांपैकी पहिला. तळलेलं खूप वेळ जठरात रेंगाळतं. पुदिना आणि चॉकलेट दाराचं कडं सैल करतात. म्हणजे पोटाला बरं म्हणून पुदिन्याच्या गोळ्या चघळणं इथे उलटं पडतं. साखरेकडे आपलं लक्षच जात नाही, पण २०२२ च्या एका प्रयोगात साधी साखर कमी केल्यावर अन्ननलिकेतलं आम्ल मोजण्याइतकं घटलं. रशियातल्या २०१८ च्या अभ्यासात कमी तंतू खाणाऱ्यांना इसबगोल दिवसातून तीन वेळा ५ ग्रॅम दिल्यावर जळजळीचे प्रसंग कमी झाले. शोधायची रीत सोपी आहे. एक वही घ्यावी, काय खाल्लं, किती वाजता, किती, आणि कधी जळलं एवढं लिहावं. संशय येईल तो एकच पदार्थ दोन आठवडे थांबवावा आणि मग पुन्हा खाऊन पाहावा. दुसरी पायरी कुणी करत नाही. मावशीचा कागद भरत गेला तो त्यामुळेच. नावं चढत होती, उतरत एकही नव्हतं.

उपवासाबद्दल बोलायलाच हवं. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे आपणच म्हणतो. दिवसभर रिकाम्या पोटी चार चहा, मग शेंगदाण्याचं कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा तळलेला कीस, आणि दुसऱ्या दिवशी ‘उपवासाने पित्त झालं’. उपवासाने झालेलं नसतं. ज्याला श्रद्धेने उपवास करायचा आहे त्याने वरीचा भात, ताक, राजगिरा, केळं, पपई असं थोडं थोडं घ्यावं.

घरगुती उपायांत मला सरसकट तुच्छता वाटत नाही. बडीशेप चावल्याने लाळ सुटते, धण्याजिऱ्याचं पाणी निरुपद्रवी आहे, साळीच्या लाह्या आजारी पोटाला खरंच हलक्या. कोकमाबाबत मात्र सांभाळावं. आमसुलाचं सार किंवा सोलकढी वाटीभर सोसत असेल तर अवश्य घ्यावी, पण कोकम आंबटच आहे आणि सोललेल्या अन्ननलिकेला ते झोंबतं. लिंबू शरीरात जाऊन अल्कधर्मी होतं, हे जळत्या घशाला सांगून उपयोग नाही. घशातून जाताना ते आम्लच असतं. खाण्याच्या सोड्याने झटकन आराम पडतो, कारण आम्लाशी मिळून त्याचा वायू होतो आणि मोठा ढेकर येतो. पण चहाच्या चमचाभर सोड्यात हजार मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. रक्तदाब असलेल्याने त्याची सवय लावून घेऊ नये. तीच गोष्ट ज्येष्ठमधाची. ते रोज आणि भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. आणि मशेरी. सकाळी उठून रिकाम्या पोटी दातांना भाजलेला तंबाखू घासायचा, त्याची लाळ गिळायची आणि दिवसभर पित्ताची तक्रार करायची, हे आपल्या खेड्यांतल्या बायकांच्या वाट्याला आलेलं दुखणं आहे. निकोटिनने दार सैल होतं. त्यांच्या पथ्यात मशेरीचं नाव पहिलं हवं, आणि ते घेताना त्यांना ओरडू नये, मदत करावी.

गोळीचं पथ्यही असतं. आम्ल थांबवणाऱ्या गोळ्या जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. जेवल्यावर घेतल्या तर निम्मं काम वाया जातं. डॉक्टरांनी ठरावीक आठवड्यांसाठी दिलेली गोळी दुकानातून आणून वर्षानुवर्षं घेणारी घरं मी पाहतो. डेन्मार्कमध्ये २००९ साली धडधाकट माणसांना आठ आठवडे अशी गोळी दिली. बंद केल्यावर ४४ टक्क्यांना आम्लाचा त्रास झाला, जो त्यांना आधी नव्हताच. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. गोळी सोडल्यावर उसळी येते ती अशी, आणि माणसाला वाटतं आपला आजार परतला. म्हणून सोडायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. ज्याच्या अन्ननलिकेला खरी जखम आहे किंवा ज्याला रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू आहेत त्याने मात्र लेख वाचून गोळी सोडू नये.

घास अडकणं, काही न करता वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, न सुधारणारा पांडुरोग, पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास: यांपैकी एक जरी असेल तरी वही, विटा, बडीशेप सगळं बाजूला ठेवून दुर्बीण तपासणी करून घ्यावी. आणि छातीत दाटून आलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, जिना चढताना छाती धरली, तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नये. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत हृदयविकाराचा झटका बरेचदा नुसत्या मळमळीसारखा, पोटात आग पडल्यासारखा येतो. रात्रीचे अकरा वाजले असले, पाहुणे घरात असले, तरी उठून जावं. ईसीजी काढायला दहा मिनिटं लागतात.